अर्धं आटवलेलं पाणी

आमच्या घरी पाव्हणा आला आणि त्यानं पाणी मागितलं, की त्याला गरम पाणी मिळायचं. वैशाखातसुद्धा. माणूस अंगणात घामानं निथळत बसलेला, आणि अनसूया त्याच्या हातात वाफेचा तांब्या देतेय. निवलेलं पाणी तिला चालायचं नाही. निवलं की त्यात काहीतरी पडतं, असं तिचं म्हणणं. म्हणून सकाळचं उरलेलं पाणी ती संध्याकाळी परत उकळायची.

मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारायचो. तिथला सिंधी शेठ थोरल्या मुलाच्या लग्नाला आमच्याकडे आला होता. त्याला हिनं तांब्या दिला. त्यानं तोंडाला लावला आणि दचकला. म्हणाला, "अरे साईं, ये तो बिना पत्ती की चाय है!"

हिला हिंदी येत नव्हती, पण एवढं कळलं. मला म्हणाली, "शेठला सांगा, पत्ती घरून आणायची व्हती."

शेठ हसून हसून लाल झाला. पुढे मी कामाला गेलो की रोज विचारायचा, "चायवाली कैसी है?"

अनसूया ही माझी बायको. तिचं नाव मी कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेही लोकांनी दार अडवून घ्यायला लावलं. मग "अगं" म्हटलं की ती यायची. आता "अगं" म्हटलं तर कुणी येत नाही. म्हणून नावानं लिहितो.

ठेंगणी होती. चालायची भरभर, पुढं वाकून, कुणीतरी मागून ढकलतंय अशी. डावा डोळा सारखा पाणावलेला असायचा, चुलीच्या धुरानं. गॅस आला तरी पाण्याची चूल तिनं मोडली नाही. अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगड, त्यावर काळाकुट्ट टोप. त्या टोपात दुसरं काही शिजवायचं नाही. धाकट्यानं एकदा त्यात अंडी उकडली, तर तिनं टोप राखेनं घासला, चिंचेनं घासला, परत राखेनं घासला, आणि अंडी कुत्र्याला घातली. धाकटा बिचारा बघत राहिला.

दुसऱ्याच्या घरी गेली की आधी माठाचं झाकण उघडायची. कुणाला राग येईल, कुणाला लाज वाटेल, काही नाही. विचारायची, "उकळलंय का नुसतं तापवलंय?"

बाया खोटं बोलायच्या. "उकळलंय वो वयनी."

"किती?"

इथं त्या अडकायच्या. कारण अनसूयेचं माप ठरलेलं होतं. टोप काठोकाठ भरायचा, पाणी खालच्या कडीपर्यंत उतरू द्यायचं. अर्धं. अर्धं झालं म्हणजे पाणी शुद्ध. बुडबुडे आले म्हणून उतरवलं, तर ते तिच्या हिशेबी नुसतं तापवलेलं. काढा जसा आटवतात तसं पाणी आटवायची ती. पोरं तिला उकळीआजी म्हणायची. ती त्यांच्या अंगावर ढलपी भिरकावायची, पण लागणार नाही अशी.

लग्नाला जाताना स्वतःची बाटली बरोबर. मांडवात त्या सीलबंद बाटल्या मिळतात, त्या घ्यायची नाही. "बंद करताना कुणी बघितलं?" म्हणायची.

आता हे सगळं कशापायी ते सांगतो.

आम्हाला पहिली मुलगी झाली होती. शकू. दीड वर्षाची झाली, घरभर फिरायला लागली, आणि पावसाळ्यात तिला हगवण लागली. दोन दिवसांत पोर चिंधी झाली. बदलापूरला दवाखान्यात नेईपर्यंत तिचे डोळे आत गेले होते. गेली. तिथं एक नर्स होती. वाईट नव्हती, कामात होती. तिनं विचारलं, पाणी कुठलं पाजता? आम्ही म्हटलं, विहिरीचं. उकळून? नाही. ती म्हणाली, "उकळून पाजलं असतं तर वाचली असती." आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

तिच्यासाठी ते तेवढंच होतं. आमच्या हिनं ते वाक्य जन्मभर डोक्यावर वाहिलं.

घरी आल्यावर तिनं टोप चढवला. पोर नव्हतं पाणी प्यायला, तरी चढवला. नंतर दोन मुलगे झाले. दोघंही उकळलेल्या पाण्यावर वाढले, दोघंही आहेत. थोरला अंबरनाथला बुवापाड्यात राहतो, धाकटा पुण्याला. तिच्या डोक्यात पक्कं बसलं. आणि खोटं तरी कसं म्हणू? आमच्या पाड्यातल्या बऱ्याच घरांत तिच्या मागं लागण्यानं लोक पाणी उकळायला लागले, आणि पोरांची हगवण कमी झाली. हे मी डोळ्यानं बघितलंय.

आमचा पाडा बदलापूरजवळ, चामटोली गावाच्या पुढे, आत. नळ येतो तो आता आता आला, आणि तोही त्याच्या मनानं येतो. सगळा पाडा विहिरीवर. विहीर जुनी, दगडी बांधलेली, उन्हाळ्यातही तळ दिसत नाही. पाणी एवढं गोड की चामटोलीची माणसंही हंडे घेऊन यायची. विहिरीच्या भोवती आमच्या सगळ्यांच्या भाजीच्या वाड्या. माठ, मुळा, पालक, बदलापूरच्या बाजारात जाणारा. भाजीला युरिया टाकायचा, सगळेच टाकायचे, मीही टाकायचो. मूठभर टाकला तर पान हिरवं, दोन मुठी टाकला तर अजून हिरवं. वरच्या अंगाला म्हशींचा तबेला. त्याच्या पलीकडे शनिवार-रविवारवाल्यांचे बंगले झाले, त्यांच्या संडासांचे खड्डे जमिनीतच. पण विहिरीत बघितलं तर आपलं तोंड दिसायचं, एवढं पाणी स्वच्छ. वास नाही, रंग नाही, चव बदलली नाही.

पाड्यात कुणी बाळंत झाली की पाचवीच्या दिवशी अनसूया तिथं हजर. तिथून पुढं त्या घराचं पाणी तिचं. सकाळी टोप चढवायचा, अर्धं करायचं, धोतराच्या फडक्यातून गाळायचं, कळशीत भरून वर ताट. कुणी हात घालायचा नाही. साडीचोळी दिली तर घ्यायची. नाही दिली तर विचारायची नाही.

मनीषा ही शेजारच्या कुसुमची मुलगी. तीही बुवापाड्यातच दिलेली, आमच्या थोरल्याच्या गल्लीत. बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, गोरीपान, डोक्यावर हे एवढं जावळ. पण मनीषाला दूध येईना. ताप आला, औषधं झाली, दूध आटलं. डॉक्टरनं डब्याची पावडर लिहून दिली. कुसुम आमच्याकडे आली. म्हणाली, "वयनी, डब्याच्या दुधाला पाणी तुमच्याच हातचं हवं."

अनसूया त्या दिवशी जी खूश झाली! मनीषानं डब्यावरचं वाचून दाखवलं, की पाणी उकळून घ्या. ही म्हणाली, "बघ, डब्यावालापण मलाच विचारून लिवतो."

रोज सकाळी जायची. बाळ मोठं व्हायला लागलं. ही येऊन सांगायची, आज हसली, आज मुठीत बोट धरलं. आमची नातवंडं लांब. या पोरीत तिचा जीव गुंतला.

मग एका सकाळी कुसुमनं हाक मारली. पोरीच्या तोंडाभोवती काळं दिसत होतं. कुसुम म्हणाली, "काजळ फासलंय वाटतं." पदर ओला करून पुसायला लागली. पुसलं, परत पुसलं. काळं जाईना. ओठच तसे झाले होते, करवंद खाल्ल्यासारखे.

अनसूया म्हणाली, "गारठलीय पोर. गुंडाळ तिला. गरम दूध पाज, ऊब येईल."

पाजलं. पोर अर्ध्यातच पेंगली. मग मनीषा ओरडली, "आजी, नखं बघा!" नखंही जांभळी.

रिक्षानं बदलापूर. तिथून त्यांनी उल्हासनगरला मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. मी पुढं ड्रायव्हरजवळ बसलो होतो. मागं कुणी रडत नव्हतं. तेच मला भीतीचं वाटलं.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, मराठीच बोलणारी. तिनं पोरीचं रक्त काढलं. मी लांबून बघितलं. रक्त लाल नव्हतं. काकवी असते ना गुळाची, तसं. डॉक्टरीण सुई उजेडात धरून थांबली. मग वळून विचारलं, "बाळ काय पितं? पाणी कुठलं?"

अनसूया सगळ्यांना मागं सारून पुढं झाली. या प्रश्नाची ती जन्मभर वाट बघत होती असं मला वाटतं. म्हणाली, "विहिरीचं. पण कच्चं नाय, बाय. उकळलेलं. अर्धं आटवलेलं. उरलेलं परत उकळलेलं."

"अर्धं?"

"अर्धं. मापानं."

डॉक्टरीण तिच्याकडे बघत राहिली. नर्सला इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि भरभर आत गेली. अनसूया माझ्याकडे बघून म्हणाली, "बरोबर सांगितलं ना मी?"

मी म्हटलं, "हो."

पोरीला औषध दिलं ते निळं होतं. शाईसारखं. निळ्या पडलेल्या पोराला निळंच औषध, हे मला आजही समजलेलं नाही. पण आमच्या डोळ्यांसमोर ओठ उजळले. जांभळे होते ते फिक्कट झाले, मग गुलाबी. मनीषा तेव्हा रडली. दुसऱ्या दिवशी कुसुमनं लंगोट बदलला आणि किंचाळलीच, मूतही निळं-हिरवं. डॉक्टरीण धावत आली आणि बघून हसली. "आजी, औषध आहे ते. बाहेर पडतंय." ती हसली म्हणून आम्ही सगळे हसलो. अनसूयापण हसली. तिचं ते शेवटचं मोकळं हसणं म्हणायचं.

कारण मग डॉक्टरणीनं आम्हाला बाकावर बसवून सांगितलं. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट म्हणून एक असतं. खतातून उतरतं, शेणमुतातून, संडासाच्या खड्ड्यातून. मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही, पण तान्ह्या पोराचं रक्त त्यानं हवा धरायची सोडतं. म्हणून पोर निळं पडतं. आईच्या दुधावर असतं तर असं झालं नसतं. आणि उकळल्यानं जंतू मरतात, पण हे मरत नाही. पाण्याची वाफ होऊन जाते, हे टोपातच राहतं. जितकं आटवाल तितकं दाट.

तिनं हिचा हात हातात घेतला होता. म्हणाली, "तुमची चूक नाही, आजी. उकळायला आम्हीच सांगतो सगळ्यांना."

पण तोवर अनसूयेनं जे ऐकायचं ते ऐकलं होतं.

बाहेर आलो. रस्त्यात रिक्षांचा गोंगाट. ती मध्येच उभी राहिली. मला म्हणाली, "मग ती नर्स खोटं बोलली काय?"

मी म्हटलं, "नाही गं."

"मग ही खोटं बोलते?"

"हीपण नाही."

"दोघी कशा खऱ्या?"

डॉक्टरणीनं सांगितलं ते मी घोकून ठेवलंय, जंतू वेगळे आणि हे वेगळं. शब्द पाठ आहेत. पण ज्या बाईचं पोर उकळलं नाही म्हणून गेलं, तिला उकळलं म्हणून दुसरं पोर जात होतं हे कसं समजावायचं, ते त्या शब्दांत नाही.

मग पाड्यात सरकारी माणसं आली. विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं. काही दिवसांनी कठड्यावर लाल अक्षरांची पाटी लावून गेले, पिण्यास अयोग्य. त्यावरून भांडणं. एक म्हणतो तबेल्यामुळे. तबेलेवाला म्हणतो बंगल्यांमुळे. बंगलेवाले रविवारी आले, गाडीची काच खाली करून म्हणाले, आमच्याकडे तर बाटलीचं पाणी असतं. म्हातारे म्हणाले, आमचा आजा हेच पाणी पिऊन शंभरीला टेकला. मी विचारलं, पाण्यात उतरलंय ते नक्की कुणाचं आहे? तर पाणी नेणारा माणूस म्हणाला, "काका, सगळ्यांचंच असतं. वेगळं करून सांगता येत नाही." सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. पाटी मात्र लागली.

थोरला आला बुवापाड्याहून. "बाबा, टेन्शन नका घेऊ, आरओ लावून टाकतो." लावला. भिंतीवर पांढरा डबा, त्याला नळी, दिवा लागतो. आमच्या हिनं त्याला कधी हात लावला नाही. त्यातून एकीकडे चांगलं पाणी येतं आणि दुसरीकडे वाईट पाणी वाहून जातं. ती त्या वाईटाची नळी बघत बसायची.

सुनंदा आमच्याकडची आशाताई. घरोघरी फिरून गरोदर बाया, तान्ही पोरं बघते. हुशार आहे. तिनं पाहिलं की लोकांच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून एक दिवस आमच्या अंगणात बायकांना बोलावलं. म्हणाली, "अनसूकाकी, तुमचा टोप द्या."

टोप भरला. त्यात चिमूटभर मीठ टाकलं. सगळ्यांना चमचा चमचा चाखायला दिलं. कुणी म्हणे लागतंय, कुणी म्हणे नाही लागत. मग चूल पेटवली. जाळ अनसूयेनंच घातला, दुसऱ्याला घालू दिला नाही. बायका गप्पा मारत बसल्या. एक म्हणाली, "आता मिठाची वाफ झाली की आमच्या कढीला पाठवा." हसल्या. पाणी कडीपर्यंत उतरलं. अर्धं. तिनंच उतरवलं, तिनंच ताटलीत निववलं.

सुनंदा म्हणाली, "काकी, आधी तुम्ही."

अनसूयेनं चमचा तोंडात घेतला. गिळला नाही. तसाच धरून बसली. बायका तिच्या तोंडाकडे बघतायत. मग गिळला.

"खारट," म्हणाली.

आणि उठून आत गेली.

सुनंदा नंतर आत आली, तिच्या पायाशी बसली. समजावलं. काकी, उकळणं वाईट नाही. नळाचं पाणी उकळायचं, पण एकदाच, खळखळ आलं की उतरवायचं. आटवायचं नाही. विहिरीचं तान्ह्याला द्यायचंच नाही, उकळून नाही, न उकळून नाही. साधा फिल्टर असतो त्यानंही हे जात नाही. हिनं सगळं ऐकलं. मग शाळेतल्या पोरासारखी म्हणून दाखवायला लागली. "नळाचं उकळायचं. विहिरीचं नाय उकळायचं. नळाचं आटवायचं नाय. विहिरीचं..." आणि थांबली. परत पहिल्यापासून. परत तिथंच थांबली.

त्या संध्याकाळी टोप चढला नाही. शकू गेल्यानंतर पहिल्यांदा आमच्या अंगणातून धूर निघाला नाही असं म्हटलं तरी चालेल. मी सवयीनं कोपऱ्याकडे बघायचो. टोप पालथा घातलेला.

ती कुणाकडे जाईनाशी झाली. गेलीच तर झाकण उघडायची नाही. पोरं तिला उकळीआजी म्हणायची बंद झाली. त्यांच्या आयांनी दटावलं असणार. चांगल्या मनानंच. पण आधी चिडवत होती ते बरं होतं. कुसुम तर एका शब्दानं कधी बोलली नाही. उलट भाकरी आणून द्यायची. एकदा ही त्यांच्या ओट्यावर गेली, तेव्हा मनीषा पोरीला उन्हात घेऊन बसली होती. ती उठली आणि पोरीला आत घेऊन गेली. ऊन लागत होतं म्हणून असेल. मला तरी तसंच वाटलं. ही तिथूनच परत फिरली. पुढं थोड्या दिवसांनी मनीषा सासरी गेली.

वाडीत माठ खुडताना ती मध्येच विचारायची, "मी पाजलं का?"

पहिल्यांदा मी म्हटलं, "नाही."

"मग कुणी?"

दुसऱ्या वेळी मी म्हटलं, "हो, पण तुला माहीत नव्हतं." त्या दिवशी ती जेवली नाही. तिसऱ्या वेळी मी काहीच बोललो नाही. तेही चुकलं. असं नाही की मी मुद्दाम चुकत होतो. तिन्ही उत्तरं मला खरी वाटत होती, आणि तिन्ही तिला लागत होती.

एकदा तीच बोलली. मुळ्याची जुडी बांधत होती. म्हणाली, "शकूला कच्चं पाजलं, ती गेली. हिला उकळलेलं पाजलं, ही जात व्हती. मग बाईनं पाजायचं तरी काय?"

जुडी बांधून टोपलीत टाकली आणि दुसरी घेतली.

मग ती थकत गेली. पायांवर सूज, चार पावलं चालली की धाप. पाड्यात म्हणाले, विहिरीनं खाल्लं. डॉक्टरला मी स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, "नाही हो आजोबा, त्याचा संबंध नाही. हृदय थकलंय, वय आहे." तिला सांगितलं तर म्हणाली, "विहिरीचं नाय? बघा बरं, नक्की." जसं काही विहिरीचं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

खाट ओसरीवर टाकली होती, दारातून अंगण दिसावं म्हणून. तिथंच मनीषा आली, पोरीला घेऊन. पोर सहा महिन्यांची झाली होती, उष्टावणाला आजोळी आणली होती. अंगात जरीचं परकर-पोलकं, गालाला तीट. मामानं खिरीचं बोट चाटवून झालं होतं. मनीषा कुणाला काही न विचारता सरळ आमच्या ओसरीवर आली आणि पोर हिच्या मांडीवर ठेवली.

"धरा, आजी. जड झालीय."

हिनं धरली. आधी ओठ बघितले. अंगठ्यानं खालचा ओठ हळूच खाली ओढून आतून बघितला. मग एकेक बोट सोडवून नखं बघितली. हाताची झाली, मग पायाची. पोर हसत होती, हिच्या नाकातली चमकी ओढत होती. ही हसली नाही. तपासत होती.

मनीषानं पिशवीतून वाटी-चमचा काढला. म्हणाली, "आजी, हिला पाणी तुमच्या हातानं पाजा."

ओसरीवर आम्ही तिघं बघत होतो. कुसुम, सुनंदा, मी. मला वाटलं आता ही विचारणार, उकळलंय का नुसतं तापवलंय. ती वाटीत बघत राहिली. मग म्हणाली, "कुठलं?"

"बुवापाड्याहून आणलंय. नळाचं."

"तपासलेलं?"

"तपासलेलं. आणि एकदाच उकळलंय. आटवलं नाही."

हिनं मान हलवली. चमचा हातात घेतला. वाटीत बुडवला. पोरीनं तोंड उघडलं, चिमणीसारखं. आणि हिचा हात तिथंच राहिला.

"तूच पाज, बाय," म्हणाली. "मी धरते. मी बघते."

मनीषानं पाजलं. ही पोरीचे ओठ बघत बसली. वाटी संपली तरी बघत होती. मनीषानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, तर म्हणाली, "सर गो, उजेड अडतो."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. जायच्या आदल्या दिवशी दुपारची गोष्ट. ऊन अंगणात पडलं होतं. मी तिच्या पायाशी बसून पंख्यानं वारा घालत होतो. ती म्हणाली, "अवो, पाणी."

मी पांढऱ्या डब्यातलं आणलं. तिनं ओठ लावले आणि मान फिरवली. "हे नको. विहिरीचं."

मी म्हटलं, "अगं, तिथं पाटी लावलीय."

"मला वाचता येतं काय?" म्हणाली. मग डोळे उघडून माझ्याकडे नीट बघत, "कच्चं आणा."

शकू गेल्यापासून ते पाणी तिनं कच्चं कधी तोंडात घेतलं नव्हतं. मी कळशी घेतली. विहिरीवर आता फक्त भाजीला पाणी काढतात, रहाट करकरायला लागलाय. लाल अक्षरांच्या बाजूला उभा राहून पाणी ओढलं. वर येताना कळशीत आभाळ दिसत होतं. घरी परत आलो तर वाटेतच ती तीन दगडांची चूल, पालथा टोप. मी थांबलो. कळशी खाली ठेवली. हात खिशात काडेपेटीकडे गेला. काय करायचं होतं मला, सुचेना. उकळलं तर दाट होणार. नाही उकळलं तर कच्चं. उल्हासनगरची डॉक्टरीण म्हणाली होती, मोठ्यांना लगेच काही होत नाही. डॉक्टर म्हणाला होता, आता मागेल ते द्या. आणि ती म्हणाली होती, कच्चं. काडेपेटी परत खिशात टाकली.

फुलपात्र भरून दिलं. तिला बसती केली. तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि प्यायली, घोट घोट. गार लागलं तसे तिनं डोळे मिटले, खांदे आक्रसले. नवीन लग्न होऊन आली तेव्हा विहिरीवर ओंजळीनं प्यायची, तेव्हा असंच करायची.

"गोड हाय," म्हणाली.

मग जरा वेळानं, "शकू हेच प्यायली ना?"

मी म्हटलं, "हो."

तिनं पदरानं तोंड पुसलं. फुलपात्र माझ्या हातात दिलं आणि अंगणाकडे तोंड करून आडवी झाली. तिनं विहिरीला माफ केलं, की स्वतःला शिक्षा केली, की नुसती तहान लागली होती, मला विचारायचं होतं. पण तिचा डोळा लागला होता, ओठ ओले होते. फुलपात्रात तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते टाकावं की प्यावं, मला कळेना. मी ते तसंच हातात धरून उभा राहिलो.